कंपनीकडून आपला डेटा लीक झाला तर काय करायचं: पहिल्या दिवसापासून भरपाईच्या अर्जापर्यंत

एका कंपनीकडून माझा मोबाईल नंबर, जन्मतारीख, पॅन आणि तब्येतीचे रिपोर्ट बाहेर गेले होते. त्यानंतर बँक, पोलीस, कंपनीचं तक्रार खातं, ग्राहक आयोग असं सगळीकडे फिरावं लागलं. कुठे आधी जायचं, कुठल्या तारखेच्या आत जायचं, कुठे गेल्याने पैसे मिळू शकतात आणि कुठे फक्त वेळ जातो हे कोणी एका जागी सांगितलेलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय. सगळं भारतातल्या कायद्याप्रमाणे आहे. मोठी रक्कम अडकली असेल तर वकिलाला दाखवाच, पण वकिलाकडे जायच्या आधीच बरंच काही आपल्या हातात असतं आणि त्याला उशीर करून चालत नाही.

1. आधी नक्की काय गेलंय ते बघा

कंपनीचा मेल आला असेल तर तो शांतपणे दोनदा वाचा. "काही ग्राहकांच्या माहितीपर्यंत अनधिकृत व्यक्ती पोचली असण्याची शक्यता आहे" अशा गोल वाक्यांत खरी माहिती मधेच कुठेतरी एका ओळीत असते. कुठली माहिती, कुठल्या काळातली, आणि त्यांना कधी कळलं, या तीन गोष्टी शोधून लिहून ठेवा. बऱ्याचदा लीक कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून झालेलं नसतं, त्यांनी काम दिलेल्या दुसऱ्याच कंपनीकडून झालेलं असतं. 2021 मध्ये एअर इंडियाच्या प्रवाशांचा डेटा गेला तेव्हा हल्ला सिटा नावाच्या कंपनीवर झाला होता, जगभरातल्या सुमारे 45 लाख प्रवाशांची माहिती त्यात होती आणि ती 2011 पासूनची होती. म्हणजे दहा वर्षांपूर्वी एकदा तिकीट काढलेला माणूसही त्यात सापडू शकत होता. तेव्हा "मी तर ते ॲप कधीच काढून टाकलंय" असं म्हणून गप्प बसू नका.

काय गेलंय त्यावर पुढचं सगळं ठरतं. पासवर्ड गेला तर बदलता येतो. कार्डाचं म्हणाल तर 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानांना आणि ॲप्सना आपला पूर्ण कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही, त्यांच्याकडे टोकन (कार्ड नंबरऐवजी वापरायचा सांकेतिक नंबर) आणि शेवटचे चार आकडे असतात, त्यामुळे शॉपिंग ॲपचा डेटा गेला म्हणून लगेच घाबरून सगळी कार्डं ब्लॉक करायची गरज सहसा नसते. पण आधार, पॅन, जन्मतारीख, तब्येतीचे कागद हे बदलता येत नाहीत, तिथे जास्त काळजी घ्यायची.

इथले दोन सापळे. पहिला म्हणजे लीकची बातमी आली की त्याच कंपनीच्या नावाने खोटे मेल सुटतात, म्हणून मेलमधल्या लिंकवर क्लिक न करता कंपनीच्या ॲपमधून किंवा साइटचा पत्ता स्वतः टाईप करून जा. दुसरा सापळा "तुमचा डेटा लीक झालाय का तपासा" म्हणत आधार किंवा पॅन नंबर मागणाऱ्या साइट्सचा. हॅव आय बीन पोन्ड ही साइट खरी आहे आणि ती फक्त ईमेल आयडी मागते, तेवढ्यावर भागतं. टेलिग्रामवर किंवा कुठे लीक झालेली फाईल फिरत असेल तर ती डाउनलोड करू नका, त्यात हजारो दुसऱ्यांची माहिती असते आणि ती आपल्याकडे सापडणं आपल्यालाच महागात पडू शकतं.

2. त्याच दिवशी कुलुपं लावा

सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड बदला, बँकेच्याही आधी, कारण बाकी सगळ्या अकाउंटचे पासवर्ड रिसेट करायच्या लिंक तिथेच येतात. टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, शक्य असेल तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर. तोच पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरला असेल तर तिथलाही बदला.

मग सिम. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाईल नंबर चालू आहेत ते दिसतं, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच "हा माझा नाही" असं कळवता येतं. आणि फोनचं नेटवर्क अचानक तासभर गायब झालं, रिचार्ज असूनही, तर वाट बघत बसू नका, दुसऱ्याच्या फोनवरून आधी मोबाईल कंपनीला आणि मग बँकेला फोन लावा, कारण आपल्या नंबरचं दुसरं सिम कोणी काढून घेतलेलं असू शकतं आणि मग ओटीपी त्यांच्याकडे जातात.

आधार गेलं असेल तर माय आधार पोर्टलवरून किंवा एम आधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा. ही गोष्ट लोक टाळतात पण खूप कामाची आहे, कारण आधारला जोडलेल्या खात्यातून बोटाच्या ठशावर पैसे काढता येतात आणि त्याला ओटीपी लागत नाही. कुठे अंगठा द्यायचा असेल तेव्हा थोड्या वेळासाठी अनलॉक करता येतं. तिथेच मागच्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची यादी पण मिळते, ती पीडीएफ करून ठेवा, पुढे पुरावा म्हणून लागते.

पॅन गेलं असेल तर खरी भीती आपल्या नावावर कोणीतरी कर्ज काढण्याची. परदेशातल्यासारखी क्रेडिट फ्रीझ करायची, म्हणजे आपल्या नावावर नवं कर्जच निघू नये म्हणून आपला क्रेडिट रिपोर्ट बंद करून ठेवायची सोय आपल्याकडे नाही, त्यामुळे इंटरनेटवर वाचून "सिबिल फ्रीझ करा" म्हणणाऱ्यांचं ऐकून वेळ घालवू नका. आपल्याकडे करायचं ते असं: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो. चौघांचे एकदम न मागवता तीन तीन महिन्यांच्या अंतराने एकेकाचा मागवला की वर्षभर नजर राहते. रिपोर्टात खाली "एन्क्वायरी" असा भाग असतो, कर्जांच्या यादीइतकाच तोही बघायचा, कारण कर्ज मंजूर व्हायच्या आधीच तिथे कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा कंपनीचं नाव दिसतं. न काढलेलं कर्ज दिसलं तर तिथेच वाद नोंदवा. 30 दिवसांत निकाल लावला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

3. पैसे गेले असतील तर घड्याळ चालू झालंय

आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन, मग बँक. लगेच केलेल्या फोनमुळे पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता असते, उशीर झाला की ते दहा खात्यांत फिरून बाहेर पडलेले असतात. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली की पोच क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. पण एक लक्षात घ्या, हा पोच क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे, त्याच्याबद्दल पुढे लिहिलंय.

बँकेकडून पैसे परत मिळण्यासाठी रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये आणलेले नियम वाचा. चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, मधे तिसरीकडूनच माहिती फुटली, आणि आपण बँकेचा मेसेज आल्यापासून 3 कामाच्या दिवसांत कळवलं, तर आपली जबाबदारी शून्य. 4 ते 7 कामाच्या दिवसांत कळवलं तर ठराविक मर्यादेपर्यंत आपल्यावर येते, साध्या बचत खात्याला ती व्यवहारामागे 10,000 रुपये आहे. त्यानंतर कळवलं तर बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून 10 कामाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे, आपलं नाही, हे शाखेत ठामपणे सांगा कारण तिथे बऱ्याचदा उलटं सांगतात. ओटीपी आपणच कोणाला सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं, म्हणून तेव्हाही लाजेने गप्प न बसता लगेच कळवायचं.

फोनवर सांगितलं म्हणून थांबू नका, मेल पण टाका आणि वेळ लिहा. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते, त्याला फी नाही.

4. पुरावे, आणि 180 दिवसांची गोष्ट

सर्ट इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी असा प्रकार लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट इनला कळवायचं असतं आणि आपल्या सिस्टीमचे लॉग 180 दिवस ठेवायचे असतात. याचा सरळ अर्थ असा की सात आठ महिन्यांनी तुम्ही भरपाई मागायला गेलात तर कोण आत शिरलं, कधी शिरलं, काय नेलं याच्या नोंदी कंपनीकडे असतीलच असं नाही. म्हणून पहिल्या काही दिवसांतच कंपनीला "नोंदी जपून ठेवा" असं लेखी कळवायचं. यानंतर त्या पुसल्या गेल्या तर निदान ते ग्राहक आयोगापुढे दाखवता येतं. मी पाठवलेल्या मेलचा गाभा असा होता, हवा तर जसाच्या तसा घ्या:

"मी आपली ग्राहक आहे, माझा ग्राहक क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी आपल्याकडील माहिती फुटल्याचे मला कळले. कृपया लेखी कळवावे: माझी कोणती माहिती गेली, प्रकार कधी घडला, आपल्याला कधी समजले, सर्ट इनला कधी कळवले, आणि माझी माहिती आपण कोणत्या इतर कंपन्यांना दिली होती. या प्रकाराशी संबंधित सर्व लॉग, तपास अहवाल व पत्रव्यवहार माझ्या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत नष्ट करू नयेत. माझे कायदेशीर हक्क राखून हे पत्र देत आहे."

मेलसोबत एक प्रत स्पीड पोस्टाने पण पाठवा, पोस्टाची पावती आणि पोच कागदाला टाचून ठेवा. कस्टमर केअरच्या चॅटवर टाकलेल्या तक्रारीवर विसंबू नका, तिकीट बंद झालं की चॅटही दिसेनाशी होते.

पुरावे ठेवताना नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ मेल, मूळ एसएमएस फोनमध्येच राहू द्या, फोन बदलायचा असेल तर जुना फॉरमॅट करू नका. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यासाठी मूळ फाईल हाताशी असणं बरं. आणि एका वहीत किंवा शीटमध्ये तारीखवार खर्च लिहा: सिम बदललं, बँकेत जायला रजा टाकली, नोटरी, पोस्ट, जे असेल ते पावतीसकट. भरपाई मागताना हाच तक्ता कामाला येतो.

5. तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार

आयटी कायद्याखालच्या 2011 च्या नियमांप्रमाणे अशी माहिती ठेवणाऱ्या कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायचा असतो, तो बहुतेक वेळा प्रायव्हसी पॉलिसीच्या अगदी तळाशी असतो. त्यांनी एक महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. उत्तर म्हणून बहुधा "आपली सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे" छापाचा मेल येतो. तो पण ठेवा, तुमच्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही हेच त्यातून दिसतं.

कंपनी गिफ्ट व्हाउचर किंवा फुकट सबस्क्रिप्शन देऊ करेल, घ्यायच्या आधी त्याच्या अटी वाचा. "यापुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही" असं वाक्य असेल तर सही किंवा "मान्य" करू नका.

6. आता कुठल्या दारात जायचं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो.

नवीन डेटा संरक्षण कायदा, म्हणजे 2023 चा डीपीडीपी कायदा, त्यात 250 कोटींपर्यंत दंड आहे हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो, आपल्याला त्यातला एक रुपया मिळत नाही. शिवाय त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या, म्हणजे प्रत्येक ग्राहकाला विनाविलंब कळवणं वगैरे, 18 महिन्यांनी म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायच्या आहेत. त्यानंतर डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येईल, तीही आधी कंपनीकडे दाद मागून झाल्यावरच. तोपर्यंत, आणि पैशांची भरपाई हवी असेल तर, खालचे रस्ते.

*आयटी कायद्याचं कलम 43 ए.* डीपीडीपीच्या त्याच टप्प्यात हे कलम जाणार आहे, पण तोवर चालू आहे. कंपनीने संवेदनशील माहिती सांभाळण्यात हलगर्जी केली आणि त्यामुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते. "संवेदनशील" मध्ये पासवर्ड, बँक आणि कार्डाची माहिती, तब्येतीचे रिपोर्ट, बायोमेट्रिक वगैरे येतं, नुसतं नाव आणि मोबाईल नंबर येत नाही, म्हणून पहिल्या पायरीत काय गेलं ते नक्की करायला सांगितलं. अर्ज राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे करायचा, ते या कायद्याखाली न्यायनिर्णय अधिकारी असतात, 5 कोटींपर्यंतचे दावे त्यांच्याकडे चालतात. शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यावा असं नियमात आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला. निकाल पटला नाही तर 45 दिवसांत टीडीसॅट या अपील न्यायाधिकरणाकडे अपील.

*ग्राहक आयोग.* सामान्य माणसाला मला हाच रस्ता सगळ्यात सोपा वाटतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं हे अनुचित व्यापारी प्रथेत धरलंय. हॅकरने चोरून नेली म्हणजे आम्ही दिली नाही, असं कंपनी म्हणेल, म्हणून अर्जात सेवेतली त्रुटी हा मुद्दाही नक्की घाला, सुरक्षितता हा सेवेचाच भाग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. ई जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही. सेवेसाठी 5 लाखांपर्यंत पैसे भरले असतील तर फी नाही. कुठल्या आयोगाकडे जायचं हे आपण किती भरपाई मागतो त्यावर ठरत नाही, आपण कंपनीला किती पैसे भरले त्यावर ठरतं, 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग. आणि पैसे भरलेच नसतील, पूर्ण फुकट ॲप असेल, तर "ग्राहक" ठरणंच अवघड जातं. मुदत दोन वर्षांची. मानसिक त्रासाची भरपाई मागता येते, पण झोप उडाली एवढं लिहून चालत नाही, काय काय करावं लागलं ते तारखांसकट लिहा. खर्चाचा तक्ता इथे जोडायचा. आधी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवून बघा, काही कंपन्या तिथेच हलतात.

*पोलीस.* आपल्या नावाने कोणी कर्ज काढलं, सिम घेतलं, किंवा तब्येतीचे रिपोर्ट दाखवून पैसे मागितले तर एफआयआर हवीच. आयटी कायद्याची कलमं 66 सी (दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं) आणि 66 डी (तोतयेगिरी करून फसवणूक) तक्रारीत स्वतः लिहून द्या. हद्दीचं कारण सांगून परत पाठवायला लागले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवता येणारी एफआयआर मागा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ती तरतूद आहे. तरी घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालय असेल तिथे उपायुक्तांना पोस्टाने तक्रार, त्यानंतर न्यायदंडाधिकारी. खोट्या कर्जाचे वसुलीवाले फोन करायला लागतात तेव्हा एफआयआरची प्रत हीच ढाल असते.

*सगळ्यांनी मिळून दावा.* "क्लास ॲक्शन करूया" असं लीक झाल्यावर लगेच कोणीतरी म्हणतं आणि कंपनी कायद्याचं कलम 245 दाखवतं. ते कलम भागधारक आणि ठेवीदारांसाठी आहे, ग्राहकांसाठी नाही. आपल्यासाठी ग्राहक कायद्याचं कलम 35 आहे, सारखंच गाऱ्हाणं असलेल्या अनेकांच्या वतीने एक किंवा काही जण आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. असं कोणी करतंय म्हणत फी किंवा आधारची झेरॉक्स मागत असेल तर तक्रारीचा नंबर मागा आणि तो ई जागृतीवर स्वतः तपासा.

7. पुढचे महिने

लीक झालेला डेटा लगेच वापरला जाईल असं नसतं. मला बऱ्याच काळानंतर एक फोन आला. समोरचा माणूस माझं पूर्ण नाव, जन्मतारीख, कुठल्या महिन्यात कुठली तपासणी झाली ते सगळं बिनचूक सांगत होता, आवाज अगदी सभ्य, मधे मधे "मॅडम, लाईनवर राहा" आणि मागे कॉल सेंटरसारखा गलका. डेटा लीकची भरपाई मंजूर झालीय, फक्त व्हेरिफिकेशनसाठी ओटीपी सांगा, एवढंच म्हणणं. समोरच्याला आपली खरी माहिती ठाऊक आहे म्हणून तो खरा, हे गणित लीकनंतर पूर्ण मोडीत निघतं, घरातल्या मोठ्यांना हे आवर्जून समजावून सांगा. असे फोन संचार साथीवरच्या चक्षू या सोयीत कळवता येतात. बँकांच्या साइट्सचे पत्ते आता डॉट बँक डॉट इन ने संपतात, तेही डोळ्याखालून घालत जा.

हाताशी ठेवायचे कागद

- कंपनीचा मूळ मेल किंवा एसएमएस, आणि बातमी असेल तर तारखेसह तिची प्रत
- पैसे भरल्याच्या पावत्या, बिलं, पॉलिसी, जे असेल ते
- कंपनीला पाठवलेल्या तक्रारी, पोस्टाची पावती, आलेली उत्तरं
- 1930 किंवा पोर्टलचा पोच क्रमांक, एफआयआरची प्रत
- बँक स्टेटमेंट, बँकेला कळवल्याचा मेल वेळेसह
- क्रेडिट रिपोर्ट, आधार वापराची यादी, संचार साथीवरच्या नंबरांचा स्क्रीनशॉट
- खर्चाचा तारखवार तक्ता
- ओळखपत्र म्हणून मास्क केलेलं आधार, पूर्ण नंबर दिसणारं नको

कॅलेंडरमध्ये तीन तारखा आत्ताच टाका. तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केल्यापासून एक महिना, लीक झाल्यापासून 180 दिवस, आणि आयोगासाठी दोन वर्षं. तिसरीची आठवण दोन महिने आधीची लावा, पोर्टलवर कागद अपलोड करताना साइझ आणि फॉरमॅटच्या भानगडीत शेवटचा आठवडा सहज जातो.